फुकट आलेल्या मिनिएचर किटचं परीक्षण: पाकीट फोडण्यापासून मजकूर लिहिण्यापर्यंत

नमुना म्हणून येणारं किट बहुधा छोटं असतं. 28 मिमी फिगर्सचा (टेबलावरच्या युद्धखेळातल्या छोट्या सैनिकांचा) एखादा स्प्रू, म्हणजे सुटे भाग जिला जोडलेले असतात ती चौकट, सोबत अ‍ॅक्रिलिक रंगाच्या तीन-चार बाटल्या, कधी एक ब्रश. ब्रिटनमध्ये 'वॉरगेम्स इलस्ट्रेटेड'सारखं मासिक अंकासोबत प्लास्टिकचा स्प्रू देतं, फिगर्स बनवणाऱ्या गेम्स वर्कशॉपच्या दुकानांत महिन्याला एक फिगर मोफत मिळते, आणि रेझिनच्या (द्रवरूपातून कडक होणाऱ्या प्लास्टिकच्या) फिगर्स करणाऱ्या छोट्या कंपन्या परीक्षण लिहिणाऱ्यांना थेट पाकीट पाठवतात. वाचकाला मात्र तो एक स्प्रू घ्यायचा नसतो. त्याला तीस-चाळीस फिगर्सची पेटी घ्यायची असते, तीही स्वतःच्या पैशांनी, वर टपालखर्च आणि आयातशुल्क भरून. मग ती ठाण्याच्या किंवा रत्नागिरीच्या हवेत, घरच्या टेबलावर रंगवायची असते. परीक्षणातून त्या पेटीबद्दल आणि त्या टेबलाबद्दल काही कळलं तरच ते वाचण्यात अर्थ आहे. त्यामुळे नमुन्यात जे दिसलं ते नेमकं सांगायचं, आणि नमुन्यावरून जे कळूच शकत नाही त्याबद्दल ठाम विधान करायचं नाही.

होकार कळवण्याआधी

चार गोष्टी ईमेलवर लेखी विचारून घ्या. फोनवरचं बोलणं पुढे कामाला येत नाही.

पहिली गोष्ट: हा नमुना विक्रीच्या मालातला आहे की त्याआधीचा? या उत्तरावर बरंच अवलंबून असतं, आणि साहित्याप्रमाणे त्याचा अर्थ बदलतो. रेझिनच्या फिगर्स सिलिकॉनच्या साच्यात ओततात. हा साचा काही डझन ओतकामांत झिजायला लागतो, कडा बोथट होतात. नव्या साच्यातली पहिली प्रत परीक्षकाकडे आली तर ती ग्राहकाला मिळणाऱ्या प्रतीपेक्षा सरस असण्याची शक्यता मोठी. हार्ड प्लास्टिकचं उलट असतं. धातूचा साचा हजारो प्रती काढूनही तसाच राहतो, पण यंत्राचं तापमान आणि दाब बसवताना काढलेल्या चाचणीच्या प्रतींमध्ये विक्रीच्या मालात नसणारे दोष असू शकतात. चाचणीची प्रत हातात असताना तिच्या दोषांवरून पेटी वाईट ठरवणं हाही अन्यायच.

दुसरी: पूर्ण पेटीत हाच स्प्रू किती वेळा येतो? अधिकारी, निशाणवाले, वाद्यवाले यांचा वेगळा स्प्रू आहे का? बेस (फिगरखालची चकती), डिकल (चिकटवायची छापील चिन्हं), जोडणीचा कागद मिळतो का, आणि छापील किंमत किती? तिसरी: मजकूर छापण्याआधी दाखवावा लागेल का? किंमत, स्केल, विक्रीची तारीख असे तपशील कंपनीने पडताळून द्यायला हरकत नाही. मतासाठी मंजुरी लागत असेल तर किट नाकारावं, त्यात मधला मार्ग नाही. चौथी: शुल्क कोण भरणार? परदेशातून येणाऱ्या पाकिटावर 'फ्री सॅम्पल' लिहिलं किंवा किंमत शून्य दाखवली म्हणून कस्टम माफ होतंच असं नाही. स्प्रे कॅन आणि ज्वालाग्राही थिनर साध्या हवाई टपालाने पाठवता येत नाहीत, तेव्हा परदेशी किटमध्ये स्प्रे प्रायमर (रंग धरून ठेवणारा पहिला थर) नसला तर तो कंपनीचा कंजूषपणा समजू नका.

पाकीट फोडल्यावर पहिला अर्धा तास

कटर लांब ठेवा. आधी बंद पाकिटाचा, मग उघडलेल्या पाकिटाचा फोटो. स्प्रूच्या दोन्ही बाजूंचा सपाट उजेडात एकेक फोटो, नंतर दिवा बाजूने जवळजवळ आडवा धरून आणखी एकेक. आडव्या उजेडात खड्डे, पायऱ्या आणि शिवणी सावली टाकतात आणि लपत नाहीत. स्प्रूवरचे भाग जोडणीच्या कागदाशी ताडून मोजा. काही तुटलं असेल तर ते प्रवासात तुटलं की साच्यातूनच तसं आलं ते बघा. प्रवासात तुटलेल्या प्लास्टिकची कड पांढुरकी आणि खरबरीत असते आणि तुकडा पाकिटातच सापडतो. साच्यात प्लास्टिक पोचलंच नसेल तर टोक गोल आणि गुळगुळीत दिसतं. संगिनीची टोकं, बोटं, तलवारीची अणी या जागा खास बघाव्यात.

रंगाच्या बाटल्या हलवण्याआधी उभ्या ठेवून फोटो घ्या. वर किती पाणी सुटलंय, तळाला गाळ बसलाय का, झाकणाशी रंग वाळलाय का, हे एकदा बाटली हलवली की कळत नाही. प्रवासात रंग गोठला असेल तर त्याचं मिश्रण फाटतं आणि कितीही हलवलं तरी फुटलेल्या दुधासारख्या गुठळ्या राहतात. अशा बाटलीवरून रंगाची परीक्षा करू नका, दुसरी मागवा आणि परीक्षणात तेवढं नोंदवा.

भिंगाखाली

सोनाराचं 10 पटीचं भिंग पुरतं. साहित्य कोणतं ते आधी ठरवा, कारण प्रत्येक साहित्याचे दोष वेगळे आणि त्यांची कारणंही वेगळी.

हार्ड प्लास्टिक म्हणजे पॉलिस्टायरिन. स्प्रूच्या चौकटीवर टामियाच्या एक्स्ट्रा थिनसारख्या पातळ सिमेंटचा थेंब टाका. पृष्ठभाग मऊ होऊन चिकट झाला तर सिमेंटने जोड वितळून एकजीव होईल. काहीच झालं नाही तर साहित्य रेझिन किंवा पीव्हीसीसारखं मऊ प्लास्टिक आहे आणि तिथे सायनोअ‍ॅक्रिलेट, म्हणजे आपल्याकडचं फेविक्विक, लागेल. कंपनी पेटीवर नुसतं 'प्लास्टिक' छापते तेव्हा ही चाचणी वाचकाच्या फार उपयोगाची असते.

प्लास्टिकमध्ये चार दोष शोधा. मोल्ड लाइन असणारच, साच्याचे दोन भाग जिथे मिळतात तिथली ती शिवण आहे. ती कुठून जाते हे महत्त्वाचं. कानामागून, बाहीच्या शिवणीवरून, पट्ट्याच्या कडेने गेली तर दोन मिनिटांचं काम. गालावरून, मिशीवरून किंवा साखळी चिलखताच्या कड्यांवरून गेली तर खरवडताना तपशीलच जातो. दुसरा दोष साचा सरकण्याचा. दोन भाग नीट जुळले नाहीत तर शिवणीवर रेघेऐवजी पायरी तयार होते, आणि ती चाकूने जात नाही, एका बाजूचं प्लास्टिक कानशीने उतरवावं लागतं. तिसरा, जाड भागातला खळगा: बाहेरचं प्लास्टिक आधी थंड होतं, आतलं नंतर आकसतं आणि पृष्ठभाग आत ओढला जातो. घोड्याचा पुठ्ठा, जाड झगा, ढाल यांवर तो सापडतो. चौथा, साच्यातून भाग ढकलणाऱ्या पिनांचे गोल ठसे. ते जोडाच्या आतल्या बाजूला असतील तर सोडून द्या, झग्याच्या दर्शनी भागावर असतील तर लिहा.

याखेरीज एक गोष्ट दोष म्हणून नाही तर मर्यादा म्हणून तपासायची. धातूच्या ताठ साच्यातून भाग सरळ रेषेत बाहेर यावा लागतो, त्यामुळे वळून आत जाणारा आकार त्यात येत नाही. छातीशी धरलेल्या बंदुकीच्या आणि अंगरख्याच्या मधली जागा भरीव राहते, बाजूच्या खिशाची कड विरून जाते. चांगला शिल्पकार अशा ठिकाणी हात वेगळा देतो किंवा भाग दोन तुकड्यांत फोडतो. फिगर बाजूने फिरवून बघा आणि तपशील कुठे विरलाय ते फोटोत बाणाने दाखवा. जाहिरातीतल्या समोरून काढलेल्या फोटोत हे कधीच दिसत नाही.

ओतीव रेझिनमध्ये हवेचे बुडबुडे बघा, विशेषतः बोटांच्या टोकांना, नाकाला, झग्याच्या खालच्या कडेला. वाकलेली तलवार किंवा भाला हा मोठा दोष मानू नका: साधारण 60 ते 70 अंशांच्या पाण्यात काही सेकंद धरून सरळ केला आणि लगेच थंड पाण्यात बुडवला की बसतो. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा वाकला का, हे मात्र बघून लिहा.

थ्रीडी प्रिंटेड रेझिनमध्ये थरांच्या रेघा हा मुद्दा. 0.05 मिमी किंवा त्याहून पातळ थर असला तरी खांदा, शिरस्त्राणाचा माथा, घोड्याची पाठ अशा जवळजवळ आडव्या गोलाईवर पायऱ्या उमटतात. उघड्या डोळ्यांना त्या दिसल्या नाहीत तरी ड्रायब्रश केल्याबरोबर, म्हणजे जवळजवळ कोरडा ब्रश उंचवट्यांवरून फिरवल्याबरोबर, उठून येतात. तेव्हा प्रिंटेड फिगरवर ड्रायब्रश केल्याशिवाय तिच्या पृष्ठभागाबद्दल लिहू नये. प्रिंट करताना लावलेल्या आधारकाड्या तोडलेल्या जागा कुठे आहेत ते बघा. फिगर बोटांना चिकट लागली तर रेझिन पुरेसं पक्कं झालेलं नाही: हातमोजे घाला आणि कंपनीला कळवा. पोकळ फिगरला निचऱ्याचं भोक नसेल तर आत अडकलेलं कच्चं रेझिन काही महिन्यांनी भेग पाडून बाहेर येऊ शकतं. ओतीव असो वा प्रिंटेड, रेझिन घासताना पाण्यात भिजवलेला पॉलिश पेपर आणि एन 95 मास्क वापरा, आणि परीक्षणातही ते सांगा. नवशिक्याला हे कुणी सांगत नाही.

व्हाइट मेटलबद्दल (कथिलाच्या मऊ मिश्रधातूबद्दल) थोडक्यात: शिवणीवर धातूचा पातळ पापुद्रा जितका जास्त तितका रबरी साचा जुना. संगिनी आणि घोट्याजवळचा भाग वाकवून सरळ करावा लागतो, पण तो एकदाच. पुन्हापुन्हा वाकवला की तुटतो.

माप

पेटीवरच्या 28 मिमीला फार अर्थ नाही. हे माप सामान्यतः तळपायापासून डोळ्यांपर्यंत धरतात, पण काही कंपन्या डोक्यापर्यंत धरतात, आणि डोकी-हात मोठे केलेल्या 'हिरोइक' घडणीत उंची तीच राहूनही फिगर बाजूच्यापेक्षा दांडगी दिसते. व्हर्निअर कॅलिपरने तीन मापं घ्या: तळवा ते डोळे, तळवा ते माथा (टोपी सोडून), आणि हनुवटी ते माथा. फिगर वाकलेली किंवा धावती असेल तर पहिली दोन मापं फसवी ठरतात, तेव्हा तिसऱ्यावर भर द्या. बंदुकीची लांबी मोजली तर आणखी बरं, कारण खऱ्या बंदुकीची लांबी माहीत असते आणि तिच्यावरून स्केल काढता येतं.

यानंतर वाचकाला खरोखर हवा असतो तो फोटो: नमुन्यातली फिगर दुसऱ्या दोन प्रचलित कंपन्यांच्या फिगर्सशेजारी, एकाच जाडीच्या बेसवर, मागे मिलिमीटरची पट्टी. जुन्या सैन्यात ही नवी माणसं मिसळतील का, हा प्रश्न या एका फोटोने सुटतो.

विषय ऐतिहासिक असेल तर वेशभूषा आणि शस्त्रंही तपासा. इथे मराठी परीक्षक इतरांना न जमणारं काम करू शकतो. 23 सप्टेंबर 1803 ला आताच्या जालना जिल्ह्यात झालेली असईची लढाई परदेशी वॉरगेमर्सना (टेबलावर लढाया खेळणाऱ्यांना) चांगली ठाऊक आहे आणि तिच्यासाठी फिगर्स निघतात. त्या रणांगणावर शिंद्यांची कवायती पायदळ पलटणं त्यांच्या पदरच्या पोलमन या जर्मन सेनानीच्या हाताखाली बंदुका आणि तोफांनिशी उभी होती. असईसाठी म्हणून विकलेल्या मराठा पायदळाच्या पेटीत सगळेच ढाल-तलवारवाले असतील तर शिल्प कितीही देखणं असलं तरी ही उणीव लिहायलाच हवी. पगडी-पागोट्याची बांधणी, घोडेस्वाराच्या भाल्याची लांबी, अंगरख्याचा बंद कुठल्या बाजूला आहे, हे बारकावे बघा. ज्याबद्दल खात्री नाही तिथे चूक म्हणू नका.

जोडणी

घड्याळ लावा. एक फिगर स्प्रूपासून प्रायमरला तयार होईपर्यंत किती मिनिटं गेली, ही संख्या चाळीस फिगर्सच्या पेटीसाठी निर्णायक असते. एका फिगरला 12 मिनिटं म्हणजे पेटीला आठ तास, आणि 25 मिनिटं म्हणजे सोळा तासांच्या वर. पहिल्या फिगरची वेळ धरू नका, हात बसल्यावरच्या तिसऱ्या-चौथ्या फिगरची धरा.

सुटे भाग आधी कोरडेच जुळवून बघा. हात कुठल्याही धडाला बसतो की नेमून दिलेल्यालाच? डोकं मानेच्या खाचेत फिरवता येतं का? जोडात फट राहिली तर ती किती? पातळ सिमेंटने आपोआप भरणारी फट आणि पुट्टी लागणारी फट यांत फरक करा. आपल्याकडे एम-सील सहज मिळतं आणि बेसवर किंवा घोड्याच्या पोटाखाली ते चालतं, पण त्याचा पोत भरड असल्याने चेहरा किंवा बाहीच्या जोडावर मिलिपुटसारखी बारीक पुट्टीच लागते. तिचा खर्च वाचकाच्या हिशेबात येतो, म्हणून लिहा.

फेविक्विक वापरताना पावसाळ्यात दोन गोष्टी होतात. हवेतल्या ओलाव्याने ते लवकर आवळतं, त्यामुळे भाग सरळ करायला वेळ मिळत नाही. आणि जोडाभोवती पांढरी वाफ धरते. ही वाफ किटचा दोष नाही. जोडताना हवा खेळती ठेवली, गोंद टाचणीच्या टोकाने लावला की ती कमी होते.

धुणं आणि प्रायमर

साचा सुटावा म्हणून लावलेलं तेलकट द्रव्य रेझिनवर हमखास आणि प्लास्टिकवर कधीकधी राहतं. कोमट पाणी, भांड्याच्या साबणाचे दोन थेंब, मऊ टूथब्रश, आणि रात्रभर वाळवणं. परीक्षणासाठी मात्र स्प्रूचा एक तुकडा न धुता बाजूला ठेवा. दोन्ही तुकड्यांवर एकाच वेळी प्रायमर मारा, 24 तासांनी ब्लेडने एक-दीड मिमीच्या चौकटी कापा, वर चिकटपट्टी दाबून झटक्यात ओढा. न धुतलेल्या तुकड्यावरून चौकटी निघाल्या आणि धुतलेल्यावरच्या राहिल्या तर 'हे किट धुतल्याशिवाय रंगवू नका' हे वाक्य पुराव्यानिशी लिहिता येतं. दोन्हींवरून निघाल्या तर प्रायमर बघा, किट नाही. स्प्रूची चौकट एरवी कचऱ्यातच जाते, चाचणीसाठी तिच्याइतकं योग्य साहित्य नाही, कारण ते फिगरचंच प्लास्टिक असतं.

स्प्रे 20 ते 25 सेमीवरून, छोट्या झोतांत. कोकण-मुंबईत जुलैमध्ये हवेतला ओलावा 80 टक्क्यांच्या वर असतो आणि स्प्रे प्रायमर धुरकट, दाणेदार बसतो. विदर्भात मे महिन्यात वेगळंच घडतं: रंगाचा तुषार फिगरवर पोचण्याआधी हवेतच वाळतो आणि पृष्ठभाग वाळू लावल्यासारखा होतो. दोन्ही वेळा दोष हवेचा असतो आणि परीक्षणात तो फिगरच्या किंवा प्रायमरच्या माथी मारला जातो. ओलावा मोजणारं स्वस्तातलं हायग्रोमीटर टेबलावर ठेवा, तापमान आणि ओलावा नोंदवून मगच मारा. पावसाळ्यात ब्रशने लावायचा पाण्यातला पॉलियुरेथेन प्रायमर बरा: दोन पातळ हात, आणि पक्का व्हायला पूर्ण दिवस. काळा, राखाडी, पांढरा यांतला राखाडी परीक्षणासाठी उत्तम, कारण काळ्यात तपशील बुडतो आणि पांढऱ्यावर फोटो जळतो.

रंगांची परीक्षा

फिगर रंगवून 'रंग छान बसतात' म्हणणं पुरेसं नाही. फिगरवर प्रायमर, वॉश (खाचांत उतरून सावली देणारा पातळ रंग), हात आणि ब्रश सगळंच एकत्र येतं, नक्की कशामुळे छान दिसलं ते सांगता येत नाही. म्हणून आधी पुठ्ठा. पोस्टकार्डाएवढ्या पुठ्ठ्यावर फिगरसाठी वापरलेलाच राखाडी प्रायमर, त्यावर एक काळा आणि एक पांढरा पट्टा. बाटली मिनिटभर हलवा. आत गोळी खडखडत नसेल तर 4-5 मिमीची स्टेनलेस स्टीलची गोळी टाका आणि तसं नोंदवा. साधी लोखंडी गोळी गंजून रंग नासवते.

दोन थेंब रंग, एक थेंब पाणी. दोन्ही पट्ट्यांवरून आडवा हात फिरवा, वाळू द्या, पुन्हा. काळा पट्टा दिसेनासा व्हायला किती हात लागले ते मोजा. पिवळा, नारिंगी आणि काही लाल छटांचे रंगकण मुळातच पारदर्शक असतात. पिवळ्याला तीन-चार हात लागले तर ते ठीक. गडद निळ्याला किंवा तपकिरीला तितके लागले तर रंगात कण कमी आहेत. एक पट्टी बाटलीतून थेट, पाणी न घालता, ओढा. तिच्यात ब्रशच्या रेघा राहतात का, वाळल्यावर तकाकी येते का, ते तिरप्या उजेडात बघा. मॅट म्हणून विकलेला रंग अर्धवट चकाकला तर बाटली पुन्हा नीट हलवून दुसऱ्यांदा तपासा, कारण मॅट करणारी भुकटी तळाशी बसलेली असते.

मग पुन्हा ओलं होण्याची चाचणी. एक पट्टी अर्ध्या तासाने आणि दुसरी 24 तासांनी ओल्या ब्रशने दहादहा वेळा घासा आणि ब्रश पांढऱ्या कागदावर टेकवा. अर्ध्या तासाने रंग सुटला तर तो फक्त ओला आहे. दिवसानेही सुटत असेल तर त्यावर दुसरा रंग चढवताना खालचा मिसळणार आणि हायलाइट (उंचवट्यांवरची उजळ छटा) गढूळ होणार. एका हातात सावली आणि रंग दोन्ही देणाऱ्या पातळ रंगांना ही चाचणी सर्वांत आधी लावा. गेम्स वर्कशॉपने 2019 मध्ये काँट्रास्ट रंग आणल्यावर हा प्रकार सगळीकडे पसरला. आर्मी पेंटर या रंगकंपनीच्या 2022 च्या स्पीडपेंटची पहिली आवृत्ती वाळल्यावरही पाण्याने जागी व्हायची, आणि 2023 च्या दुसऱ्या आवृत्तीत कंपनीने ते सुधारलं. तेव्हा बाटलीवर आवृत्तीचा आकडा असेल तर तो परीक्षणात हवाच.

घासण्याची चाचणी फिगरवर: खेळताना बोट जिथे लागतं त्या उंचवट्यावर, म्हणजे टोपीच्या काठावर किंवा खांद्यावर, 24 तासांनी कोरड्या अंगठ्याने वीस वेळा घासा. प्रायमर दिसला तर वार्निशशिवाय हा रंग खेळायच्या फिगरसाठी नाही. शेवटी उन्हाची चाचणी. पट्ट्यांचा अर्धा भाग जाड काळ्या कागदाने झाकून पुठ्ठा खिडकीत सहा ते आठ आठवडे ठेवा. आपल्या उन्हात कच्चे गुलाबी आणि जांभळे रंग तेवढ्यात उतरलेले दिसतात. निकाल यायला उशीर लागतो म्हणून परीक्षण अडवू नका, नंतर जोडा. आपल्या उन्हात टिकेल का हे परदेशी परीक्षणांतून कळत नाही, म्हणून ही चाचणी टाळू नये.

किटमध्ये ब्रश असेल तर तो पाण्यात बुडवून एकदा झटका. टोक एकच आलं पाहिजे. दोन टोकं झाली तर फिगर रंगवण्याआधीच तो ड्रायब्रशच्या डब्यात गेला. टोक आलं तर रंग, धुणं, वाळवणं अशा दहा फेऱ्या करून पुन्हा झटका.

आता फिगर रंगवा, आणि किटमधल्याच रंगांनी. आपल्या संग्रहातले महागडे रंग घालून सजवलेली फिगर बघून वाचक नमुन्याची किंमत चुकीची लावतो. बाहेरचा एखादा रंग लागलाच, जसं की किटमध्ये त्वचेचा रंगच नसणं, तर तीच एक उणीव म्हणून लिहायची. एक फिगर खेळापुरती: बेसकोट (मूळ रंगाचा थर), वॉश, एक हायलाइट. दुसरी जमेल तितकी निगुतीने. दोन्हींचे फोटो द्या, वेळासकट. तिसरी फिगर प्रायमर मारून तशीच ठेवा. तिच्यावर शिल्प दिसतं आणि पुढे कुणी शंका काढली तर दाखवायला असते.

फोटो

उत्तरेची खिडकी किंवा ढगाळ दिवस, मागे राखाडी कागद, चौकटीच्या कोपऱ्यात पांढऱ्या कागदाचा तुकडा. त्या पांढऱ्यावर व्हाइट बॅलन्स बसवून लॉक करा, म्हणजे सगळ्या फोटोंत लाल तोच लाल राहतो. मोबाइल फार जवळ नेला की डोकं फुगतं आणि पाय लहान दिसतात. एक-दीड फूट मागे सरून 2 पट झूम वापरा. कॅमेऱ्यावर अ‍ॅपर्चर एफ 8 ते एफ 11. रंगाचे फोटो एडिट करून उजळू नका, आणि एक फोटो हातभर अंतरावरून, टेबलावर फिगर जशी दिसते तसा असू द्या. मोठ्या केलेल्या फोटोत भयंकर दिसणारी मोल्ड लाइन हातभरावरून दिसतही नाही, हे वाचकाला कळलं पाहिजे.

लिहिताना

किट फुकट आलंय हे पहिल्या परिच्छेदात, मराठीत, सरळ वाक्यात: "हा स्प्रू आणि चार रंग कंपनीने परीक्षणासाठी विनामूल्य पाठवले. मजकूर त्यांना आधी दाखवलेला नाही." भारताच्या ग्राहक व्यवहार विभागाने 20 जानेवारी 2023 ला जाहीर केलेल्या मार्गदर्शक सूचनांत फुकट मिळालेली वस्तूही आर्थिक संबंधात मोडते आणि तो संबंध जाहिरातीच्याच भाषेत, ठळक सांगावा लागतो. हॅशटॅगांच्या गर्दीत शेवटी टाकलेला इंग्रजी शब्द त्यात बसत नाही. अमेरिकेत राहणाऱ्यांना तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनचे याच आशयाचे नियम लागतात. भारतातल्या एकाच कंपनीकडून वर्षभरात 20,000 रुपयांपेक्षा जास्त किमतीचा माल ठेवून घेतला तर टीडीएसचा, म्हणजे उगमस्थानी कर कापण्याचा, प्रश्न येतो. 1 जुलै 2022 पासून ही तरतूद लागू झाली, आणि वस्तू परत केली तर ती लाभात धरली जात नाही. मोठी किट घेणाऱ्यांनी कर सल्लागाराला विचारून ठेवावं.

"डिटेल अप्रतिम आहे" या वाक्यातून वाचकाच्या हाती काही लागत नाही. हे बघा: "सहापैकी चार चेहऱ्यांवर शिवण कानामागून जाते आणि खरवडताना चेहरा शाबूत राहतो. उरलेल्या दोघांच्या ती गालावरून जाते आणि मिशीचं टोक चाकूखाली जातं. ही दोन डोकी मागच्या रांगेत वापरावीत." यात मोजमाप आहे, कारण आहे आणि उपायही आहे. प्रत्येक दोष असाच लिहा: कुठे, किती फिगर्सवर, कशामुळे, आणि किती मिनिटांत जातो.

तारांकित गुण देऊ नयेत असं आमचं स्पष्ट मत आहे. प्लास्टिकच्या घोडदळाचे चार तारे आणि रेझिनच्या एका सरदाराचे चार तारे यांत काही सारखं नसतं, आणि वाचक मजकूर सोडून तारेच बघतो.

किंमत लिहिताना पेटीची छापील किंमत देऊन थांबू नका. समजा पेटी 3,200 रुपयांची आहे, टपाल 1,400 आणि शुल्क 1,400. एकूण 6,000 आणि फिगर्स 40, म्हणजे एक फिगर 150 रुपयांना पडली. छापील किमतीवरून ती 80 रुपयांना दिसते. टपाल आणि शुल्क बदलत राहतात म्हणून हिशेबाची तारीख घाला.

नमुन्यावरून जे कळत नाही त्याचा वेगळा छोटा परिच्छेद हवा. एका स्प्रूवरून पूर्ण पेटीतलं वैविध्य कळत नाही: तेच सहा चेहरे चाळीस फिगर्सवर पुन्हापुन्हा येतील की नाही हे पेटीतल्या स्प्रूंच्या यादीवरूनच ठरतं. चार रंगांवरून साठ रंगांचा संच कसा असेल ते कळत नाही. हाताने निवडून पाठवलेल्या रेझिन फिगरवरून दुकानातली फिगर कळत नाही. शक्य असेल तर तीच वस्तू नंतर दुकानातून विकत घेऊन शेजारी ठेवा. त्या दोन फोटोंनी परीक्षणाचं वजन कितीतरी वाढतं.

नमुना खराब निघाला तर? कंपनीला फोटोसह कळवा, बदली मागा, वाजवी मुदत द्या, दोन आठवडे पुरेत. बदली चांगली आली तरी पहिल्या नमुन्याचा दोष परीक्षणात राहू द्या आणि बदली किती दिवसांत आली तेही लिहा, ग्राहकाला तशीच वेळ येऊ शकते. उत्तरच आलं नाही तर 'उत्तर आलं नाही' एवढं एकच वाक्य पुरे. हेतूबद्दल तर्क नकोत.

दोन-तीन महिन्यांनी त्याच मजकुराखाली तारीख घालून भर टाका: उन्हातल्या पुठ्ठ्याचा निकाल, खेळात रंग कुठे उडाला, प्रिंटेड फिगरला भेग गेली का, बाटलीच्या तोंडाशी रंग वाळून नळी चोंदली का. मूळ वाक्यं खोडू नका, दुरुस्ती खाली लिहा. उरलेले भाग आणि रंग विकू नयेत. जवळच्या क्लबला किंवा नव्याने शिकणाऱ्याला द्यावेत, आणि देताना न धुतलेल्या स्प्रूवर तशी चिठ्ठी चिकटवावी.